हरणांची दुर्बीण, सशांची बंदूक

आमच्या बोरवाटचे ससे रविवार ओळखतात. स्कॉटलंडमधल्या या हॅरिस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर रविवारी कुणी दोरीवर धुणंसुद्धा वाळत घालत नाही, तिथं बंदूक कोण उडवणार? आठवडाभर बिळाच्या तोंडाशी कान टवकारून बसणारं हे जनावर रविवारी सकाळी खुशाल कबरस्तानाच्या मधोमध येतं आणि आम्ही काळे कोट घालून चर्चला निघालो की आमच्याकडं तोंड करून मिशा पुसत बसतं. एकदा पाद्रीसाहेबांनी मला विचारलं, "लाखलन, हे आपल्याला हसताहेत का हो?"

मी म्हटलं, "आपल्याला नाही साहेब, तोरमोदला हसताहेत. सोमवारी रडतील."

त्या तोरमोदची गोष्ट मला सांगायची आहे. तशी त्याच्या आयुष्यात गोष्ट म्हणावी असं फारसं काही नाही. इथंच जन्मला, शाळेत माझ्या बाकावर बसला, टार्बर्टच्या धक्क्यावर फेरीबोटीचे दोर धरण्यात जन्म घालवला, लग्न केलं नाही, आणि विधवा बहीण एफी परत आल्यापासून तिच्या हातचे खारवलेले हेरिंग मासे आणि बटाटे खातो. पण गावात त्याचं नाव आहे, आणि ते नाव कबरस्तानामुळं आहे.

आमचं कबरस्तान समुद्रकाठच्या वाळूत आहे. खोदायला सोपं म्हणून वाडवडलांनी ती जागा धरली, आणि खोदायला सोपं म्हणूनच सशांनीही तीच धरली. ससा बीळ काढतो तेव्हा वाळूबरोबर काय काय वर येतं ते सांगत बसत नाही. एकच सांगतो. माझ्या एका आत्याची कवळी ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी एका सकाळी गवतावर सापडली. ती कुणाची हे सगळ्या गावानं क्षणात ओळखलं, कारण हयातभर ती आमच्यावर दात खातच जगली होती. दोन प्रार्थना म्हणून आम्ही ती परत खाली घातली.

म्हणून आमची कुरणसमिती गावातल्या एका माणसाकडं कबरस्तानाची बंदूक सोपवते. आधी तोरमोदचे वडील होते, मग तोरमोद. त्याचे नियम ठरलेले. कबरींमध्ये पाय ठेवून नेम धरायचा नाही. बाहेर भिंतीशी उभं राहायचं, कोपरं भिंतीवर टेकायची, आणि समुद्राकडच्या चढावर बसलेलाच ससा घ्यायचा, म्हणजे गोळी चुकली तरी वाळूत जाते. इतकी वर्षं त्या भिंतीला टेकून उभा राहिल्यानं त्याला सगळे भिंतवाला तोरमोदच म्हणतात. पोस्टमनसुद्धा.

बंदूक वडिलांचीच, साधी पॉइंट टू टू. काडतूस करंगळीच्या पेराएवढं, नळीला सायलेन्सर. उडाली तर शेजारी कुणी हळूच खोकल्यासारखं वाटतं. तोरमोद फक्त डोक्यावर नेम धरायचा. तिथं लागलं तर सशाला कळतही नाही, आणि नाही लागलं तर ससा धडधाकट घरी जातो. "अर्धा मेलेला ससा बिळात गेला की मी दोघांचा गुन्हेगार," तो म्हणायचा, "एक सशाचा, आणि एक खाली जो कोण झोपला असेल त्याचा."

हे ससे आमच्यात कुणी खात नाही. कुरणातला खातो, कबरस्तानातला कुत्र्याला. एकदा सायकलवर फिरणारा एक जर्मन पोरगा तंबू ठोकून राहिला होता. त्यानं तोरमोदच्या हातातला ससा बघितला, हातवारे करून मागितला, आणि तोरमोदला नाही म्हणवेना. पोरानं कांदा घालून तो शिजवला, चाटूनपुसून खाल्ला. आम्ही सगळे रस्त्यावरून जाताना टोपी काढून विचारायचो, "चव कशी होती?" खरं काय ते कुणीही सांगितलं नाही. समोरच्याचं मन मोडायचं नाही, ही आमच्या बेटाची फार जुनी खोड आहे, आणि पुढं जे झालं ते सगळं या खोडीनंच झालं.

तोरमोदच्या बंदुकीवर पूर्वी एक छोटी दुर्बीण होती, काठीएवढी बारीक. ती गेल्या शरदात धक्क्यावर पडली, आत पाणी शिरलं आणि काचेत धुकं धरलं. ही बातमी एफीनं फोनवर रुआरीला सांगितली. रुआरी म्हणजे तिचा एकुलता एक, ग्लासगोत वकील. मोठमोठ्या अशिलांबरोबर डोंगरात हरणं मारायला जातो. नववर्षाला आला तो खोका घेऊनच आला.

दुर्बीण अशी की पुढच्या काचेत चहाचा कप बसावा. एवढी मोठी काच नळीवर टेकू नये म्हणून ती बंदुकीवर बसवायच्या कड्याही उंच. बंदुकीवर चढवली तर होडीवर चर्चचा मनोरा ठेवल्यासारखी दिसायला लागली.

"मामा," रुआरी म्हणाला, "हिच्यातून अर्ध्या मैलावरच्या हरणाची पापणी दिसते."

तोरमोदनं ती हातात तोलली. "पापणी!" तो म्हणाला. "वा."

एफी चुलीपाशी उभी राहून भावाकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की त्या दिवशी रुआरीनं तोफ आणली असती तरी तोरमोदनं ती भिंतीवर चढवली असती.

हिवाळा चालूच होता. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या गावच्या हॉलमध्ये चटया घालून, पोटावर झोपून पंचवीस यार्डांवरच्या कागदी चकत्यांवर नेम मारायची आमची जुनी रीत आहे. एका टोकाला शेगडी, दुसऱ्या टोकाला वाळूची पोती. इतकी वर्षं तोरमोदच्या कागदावर सगळी भोकं एकमेकांत शिरलेली असायची. आता ती कागदभर विखरायला लागली, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी. पहिल्या गुरुवारी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या गुरुवारी मागून कुणीतरी म्हणालं, "तोरमोद, मधल्या काळ्यात माणूस राहतो का रे? लागू नये म्हणून जपतोयस?" सगळे हसले. तोरमोदही हसला. पण कागद घडी करून त्यानं खिशात घातला. पूर्वी तो शेगडीत टाकायचा.

भिंतीवरही तेच. ससे चुकायला लागले. आणि फेब्रुवारीत एका संध्याकाळी समुद्राकडच्या शेवटच्या रांगेत, एका दगडाच्या पायथ्याशी ससा बसला होता. मागं वाळूचा चढ होता, नियमात बसत होतं. तोरमोदनं चाप ओढला. ससा पळाला. आणि दगडावर कोरलेल्या नांगराचं एक टोक उडालं.

दगड कुणाचा, तर एखनच्या आजोबांचा.

एखन आमच्या कुरणसमितीचा चिटणीस. त्याला सगळे घड्याळ म्हणतात, कारण जेवणाआधीची प्रार्थना चालू असतानाही तो मनगटाकडं बघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तोरमोदच्या दारात उभा. मी तिथंच चहा घेत होतो.

"तोरमोद," तो म्हणाला, "माझे आजोबा दोन महायुद्धांतून सुटले आणि तुझ्या तावडीत सापडले."

"ते आधीच गेले होते, एखन."

"तेच म्हणतोय मी! गेलेल्याला तरी सोड!"

एफीनं त्याच्यापुढं कप ठेवला. त्यानं बसल्या बसल्या घड्याळ बघितलं. "हे बघ, मार्चात चर्चचे प्रभुभोजनाचे दिवस आहेत. तिकडून लुईसची, इकडून युईस्टची माणसं येणार, घराघरात पाहुणे, आणि सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर जाणार. त्यांना काय दाखवू? बिळं आणि फुटके दगड? शुक्रवारी समिती बसतेय. बिळांत गॅस सोडणारा एक माणूस आहे मुख्य भूमीवर. त्याला बोलवावं असं मी मांडणार आहे."

"त्या बिळांत गॅस?" तोरमोदचा आवाज खाली आला. "बिळं कुठंपर्यंत जातात ते ठाऊक आहे ना तुला?"

"आहे की. मग दुसरं काय करू? तुझे डोळे गेले असतील तर तसं सांग. वयाला कुणी दोष देत नाही."

एफी म्हणाली, "डोळे गेले म्हणे! एवढी उत्तम दुर्बीण आहे की!" आणि तोरमोद बहिणीकडं बघून मान हलवत म्हणाला, "दुर्बीण उत्तमच आहे."

बुधवारी दुपारी मी भिंतीपाशी गेलो. तो बंदूक घेऊन उभा होता, पण नुसताच समुद्राकडं बघत.

"काय रे, भिंत धरून ठेवलीस का पडू नये म्हणून?"

"लाखी," तो म्हणाला, "बाबांचं असंच सुरू झालं होतं."

त्याचे वडील याच वयात आंधळे झाले. मला आठवतात ते. दारातल्या बाकावर बसून इंजिनाच्या आवाजावरून कुणाची होडी आली ते सांगायचे, आणि चुकीचं सांगितलं तर होडीवाल्यालाच झापायचे, "इंजिन का बदललंस न विचारता?" पण गोष्टीत गोष्ट नको.

"काय दिसतं तुला?" मी विचारलं.

"काचेतून बघितलं की ससा धुक्यात बसल्यासारखा दिसतो. मऊ. कडा नसलेला. आणि मी नेम धरतो तिथं गोळी जात नाही."

"ती होडी कुणाची?" मी खाडीच्या तोंडाकडं बोट दाखवलं.

"शोनीची. पुढच्या टोकाला, नाळेला, नवा निळा रंग लावलाय, डाव्या अंगाला कमी पडलाय."

"अरे, मग डोळे कसले गेले तुझे?"

"बाबांनाही आंधळे होईपर्यंत लांबचं दिसत होतं. शुक्रवारच्या आधी मीच जाऊन एखनला बंदूक देऊन टाकतो. काढून घेतली असं व्हायला नको." जरा थांबून तो म्हणाला, "मग गॅसवाला येईल. आई पण आहे ना तिथं, त्या चढापाशी."

मला काय बोलावं कळेना, आणि काय बोलावं कळेना की मी भांडतो, हा माझा जुना स्वभाव. मी म्हटलं, "दाखव बघू तुझं धुकं."

त्यानं बंदुकीचा बोल्ट काढून खिशात घातला, म्हणजे चुकूनही उडायला नको. भिंतीवर वाळूच्या दोन पिशव्या ठेवल्या आणि बंदूक त्यांच्यात अशी रुतवून बसवली की वाऱ्यानंही हलू नये. समोर चढावर, सशाच्या अंतरावर, त्यानं तपकिरीची रिकामी डबी ठेवली होती. वाकून दुर्बिणीतून बघितलं, पिशव्या जरा दाबल्या, आणि बाजूला झाला.

"काचेतली फुली डबीच्या बरोबर मधोमध आहे. धुकं बघ आता."

मी वाकलो. धुकं होतंच, पण ते राहू द्या. "मधोमध कुठाय? डाव्या काठावर आहे."

"हलवलीस तू."

"माझे हात खिशात आहेत!"

त्यानं मला ढकललं, स्वतः बघितलं. "मधोमध."

मी त्याला ढकललं. "काठावर! आता तर अगदी काठावर!"

"लाखी, तुझे डोळे गेलेत."

"माझे? आत्ता तुझे गेले होते ना?"

"दोघांचे गेले असतील, पण फुली मधोमध आहे!"

"अरे, मुळाक्षरंसुद्धा तू माझ्या पाटीवरून उतरवलीस, आणि मला मधोमध शिकवतोस?"

दोन म्हातारे, लाल तोंडाचे, एका बंदुकीभोवती फुगडी घालताहेत, आणि समोर तपकिरीची डबी. एवढ्यात चहाचा थर्मास घेऊन एफी आली.

"हळू बोला जरा. खालचे उठून बसतील. काय झालं?"

"एफी, तूच सांग," मी म्हटलं. "फुली कुठाय?"

एफीला दुर्बिणीतून बघायची सवय नाही. त्यात तिचा चष्मा. तिला आधी सगळं काळंच दिसलं. मग डोकं डावीकडं घे, उजवीकडं घे, वर कर, खाली कर, असं कोंबडीसारखं चाललं तिचं. आणि मग ती एकदम थांबली. पुन्हा डोकं डावीकडं. पुन्हा उजवीकडं.

"अगं बाई," ती म्हणाली, "ही फुली चालते की!"

"चालते म्हणजे?"

"मी डोकं इकडं नेलं की ती डबीवरून तिकडं जाते. तिकडं नेलं की इकडं येते. बंदूक तर आहे तिथंच आहे."

तोरमोद पुढं झाला. वाकला. मी त्याच्या डोक्याकडं बघत होतो. डावीकडं, उजवीकडं, हळू, पुन्हा डावीकडं. खूप वेळ.

"हो," तो म्हणाला. "चालते."

मग ते आम्हाला हळूहळू उलगडत गेलं. तुम्ही खिडकीशी बसला आहात, काचेवर माशी आहे, आणि लांब समुद्रात फेरीबोट आहे. माशी बरोबर बोटीवर बसलीय असं दिसतं. मान जरा हलवली की माशी बोटीवरून उतरते. दुर्बिणीत तेच. काचेतली फुली आणि समोरचं चित्र एकाच ठिकाणी जुळलेलं असलं तर डोळा कुठूनही लावा, फुली सशावरून हलत नाही. पण ते जुळवून ठेवलेलं असतं कुठल्यातरी एका अंतरासाठी. रुआरीची दुर्बीण जुळवलेली होती लांबच्या हरणासाठी. जवळच्या सशापाशी तिची फुली मोकाट सुटलेली. म्हणूनच ससा धुक्यात दिसायचा, आणि हॉलमधले कागद तर त्याहून जवळ.

त्यात त्या उंच कड्या. जुन्या दुर्बिणीला तोरमोदचा गाल दस्त्याच्या लाकडावर टेकायचा, डोकं रोज एकाच जागी यायचं. आता डोळा वर न्यायचा म्हणजे गाल हवेत, हनुवटी हवेत, आणि डोकं प्रत्येक वेळी नव्या जागी. सशाचं डोकं चुकायला इंचभर पुरतो.

एफीनं थर्मासचं झाकण उघडलं आणि न ओतताच परत लावलं. "म्हणजे माझ्या पोरानं तुला आंधळं केलं."

"असं नको बोलू. दुर्बीण उत्तम आहे."

"हरणांना."

"हो. हरणांना."

"आणि एकदाही तुला वाटलं नाही, ही उतरवून बघावं?"

"वाटलं होतं."

"मग?"

तोरमोद भिंतीवरची वाळू झाडायला लागला. "तुला काय वाटलं असतं?"

"मला काय वाटलं असतं!" एफीचा आवाज इतका चढला की चढावरचे दोन ससे बिळात गेले. "आंधळा होतोय म्हणून मनात घेऊन बसलास, जेवण अर्ध्यावर आलं तुझं, आणि काळजी कसली, तर मला काय वाटेल! शेंबडा होतास तेव्हापासून असाच आहेस. त्या जर्मनाला ससा दिलास तेव्हाच मी म्हटलं होतं, हा एक दिवस स्वतःचा गळासुद्धा कापून देईल, कुणी नीट मागितला तर!"

घरी जाऊन तिनं ग्लासगोला फोन लावला. "पोरा, तुझी दुर्बीण हरणांची आहे. इथं कबरीत हरीण शिरत नाही." पलीकडून रुआरीचं हसणं आम्हाला चुलीपर्यंत ऐकू आलं. दुकानदारानं काय मारायचं ते विचारलंच नव्हतं, आणि यानंही सांगितलं नव्हतं. दुकानातली सगळ्यात भारी दे, एवढंच म्हणाला होता. "मामाला सांग, परत पाठव. माझी अशीच एक फुटलीय."

म्हणजे ज्याच्यापायी तोरमोदनं अख्खा हिवाळा जाळला, ते एका फोनवर मिटलं. आमच्या बेटावर बहुतेक गोष्टी अशाच मिटतात, फक्त फोन लावायला वर्ष लागतं.

गुरुवारी सकाळच्या बसनं आम्ही दोघं स्टॉर्नोवेला गेलो. तिथं बंदरावर डोलीना नावाच्या बाईचं दुकान आहे, गळ, जाळी, बूट आणि मागच्या बाजूला बंदुकीचं सामान. तोरमोद तिला म्हणाला, "ससा, चाळीस यार्डांवर, भिंतीवरून, संध्याकाळच्या उजेडात. आणि गुरुवारी कागद, पंचवीसवर."

डोलीनानं हातातली जाळी खाली ठेवली. "काका, बसा. आधी अंतर सांगणारं गिऱ्हाईक मला फार दिवसांनी मिळालं. बाकीचे येतात आणि विचारतात, मोठं काय आहे?"

तिनं तीन दुर्बिणी काढल्या. तोरमोदनं दारातल्या फळीवर एकेक ठेवून, रस्त्यापलीकडच्या मासळीच्या खोक्यांवर फुली लावली आणि डोकं इकडं तिकडं हलवायला सुरुवात केली. येणारे जाणारे थांबून बघायला लागले. एक कोळी मला म्हणाला, "याच्या कानात पाणी गेलंय का?"

पहिली दुर्बीण कडं फिरवून लहानमोठं करायची होती. "छान आहे," तोरमोद म्हणाला, "पण मी कडं फिरवेपर्यंत ससा म्हातारा होईल." खरी गोष्ट त्यानं नंतर सांगितली. बारा पट मोठं केलं की काचेत फक्त सशाचं नाक राहतं. त्याच्या शेजारी काय आहे, मागं काय आहे, ते काचेच्या बाहेर जातं. "रुआरीच्या काचेतून एखनच्या आजोबांचा दगड मला दिसलाच नव्हता, लाखी. नुसतं नाक दिसत होतं, तेही धुक्यात."

दुसरीची फुली केसाएवढी बारीक. कागदावर सुरेख. त्यानं ती डोलीनाच्या टेबलाखालच्या अंधारात रोखली आणि मान हलवली. "संध्याकाळी गवतात ही फुली सापडायची नाही. ससा शोधू की फुली?"

तिसरी छोटी, चौपट दाखवणारी, बारीक नळीची, कुणीतरी वापरून परत केलेली. फुलीचे हात बाहेरच्या बाजूला जाड, मधोमध येताना बारीक होत गेलेले. त्यानं डोकं डावीकडं नेलं, उजवीकडं नेलं. फुली खोक्यावर बसली होती तिथंच बसून राहिली.

"ही पन्नास यार्डांसाठी जुळवलेली आहे," डोलीना म्हणाली. "खास या लहान काडतुसाच्या बंदुकांसाठीच करतात. कड्याही बुटक्या लागतील, गाल लाकडाला टेकेल तुमचा. पण काका, खरं सांगते, ही लोक पोरांना शिकायला घेतात."

"मग नीट गुंडाळ," तोरमोद म्हणाला. "पोरांना वाईट वस्तू देत नाहीत."

परतताना बसमध्ये खोका मांडीवर, दोन्ही हात खोक्यावर. डोंगर ओलांडून आम्ही खाली उतरायला लागलो तेव्हा तोरमोद म्हणाला, "लाखी, हिच्यातूनही चुकलं तर?"

"तर काय?"

"तर दोष द्यायला काही उरत नाही."

मी एक गमतीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्यानं ऐकली नाही.

संध्याकाळी हॉलमध्ये एफी चहाच्या भांड्यापाशी होती आणि एखन शेगडीपाशी. नवी दुर्बीण बघून तो म्हणाला, "ऐकलं मी सगळं. नाचता येईना, अंगण वाकडं."

तोरमोद चटईवर बसून बूट सैल करत होता. "आज अंगण सरळ करून आणलंय, एखन. बघ तू, नाचता येतंय का."

पहिल्या काही गोळ्या नेम बसवण्यात गेल्या. एक मारायची, कागद बघायचा, दुर्बिणीवरच्या चकतीला जरा पीळ द्यायचा, पुन्हा एक. मग त्यानं नवा कागद लावायला सांगितला आणि पोटावर आडवा झाला. त्याचा गाल दस्त्यावर टेकला तो मी बघितला. उबेला मांजर टेकते तसा. हिवाळाभर मी तो गाल हवेत लोंबकळताना बघत होतो आणि मला काही दिसलं नव्हतं.

हॉलमध्ये शेगडीचा आवाज तेवढा होता. एक गोळी. बोल्ट मागं, पुढं. दुसरी. मधे त्यानं एकदा डोळा मिटून घेतला आणि बराच वेळ मिटूनच ठेवला. एफीनं कप पुसायचं थांबवलं. मग पुन्हा गोळी. शेवटची उडाली तरी तो उठला नाही. गाल तसाच लाकडावर.

"आण रे कुणीतरी कागद," तो म्हणाला. "मी नाही जात."

कागद एखननंच आणला. आमच्या हॉलमध्ये मोजायची एक ढोबळ रीत आहे: भोकांवर अंगठा ठेवायचा, झाकली गेली तर माणूस चांगला. एखननं कागद दिव्याखाली धरला आणि आपला अंगठा ठेवला. सगळे वाकले. सगळी भोकं गेली, एक सोडून. एक नखाच्या शेजारून डोकावत होतं.

"हे एक बाहेर आहे," एखन म्हणाला.

तोरमोद उठून बसला. कागद हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला. "ते वयाचं," तो म्हणाला. "बाकीची माझी."

एखन खळखळून हसला. त्याला मी असा हसताना त्याच्या लग्नातही बघितला नव्हता. मग त्यानं सवयीनं घड्याळ बघितलं. "उद्याच्या सभेतला गॅसवाल्याचा विषय काढून टाकतो. लवकर सुटेल सभा."

"एक अट घाल," तोरमोद म्हणाला. "दगडांजवळचा ससा मी उजेड चांगला असतानाच घेणार. अंधारलं की नाही. तसं लिहून ठेव."

"कशाला? तुझं तू बघशील की."

"लिहून ठेव. मागितलं की मला नाही म्हणता येत नाही."

एफीनं त्या रात्री सगळ्यांना चहाबरोबर ओटची बिस्किटं दोन दोन दिली, आणि एखनला तीन.

सोमवारी संध्याकाळी मी त्याच्याबरोबर भिंतीपाशी गेलो. वारा पडला होता. ओहोटीची वाळू लांबवर ओली चमकत होती. पहिला ससा मोकळ्या चढावर आला, खोकल्याएवढा आवाज झाला आणि ससा जागच्या जागी आडवा झाला. तोरमोदचे खांदे खाली आले. थोड्या वेळानं आणखी एक घेतला. मग सूर्य ढगात गेला, आणि शेवटच्या रांगेपाशी एक मोठा, गलेलठ्ठ नर येऊन बसला. असा ससा रोज येत नाही. तोरमोदनं गाल टेकला. तो बघत राहिला, बघत राहिला, आणि मग त्यानं बंदूक खाली घेतली आणि बोल्ट काढला.

"का रे? दिसत नाही?"

"ससा दिसतोय," तो म्हणाला. "त्याच्या मागचं दिसत नाही."

"मग?"

"मग उद्या."

आम्ही पडलेले दोन ससे कुत्र्यांसाठी उचलले आणि घराकडं निघालो. तो मोठा नर तिथंच बसून चरत होता.